फळमाशीच्या जीनोममधील ट्रान्सपोझॉन: अपायकारक असूनही ते टिकून का आहेत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रोसोफिला मेलानोगास्टर या फळमाशीच्या जीनोमपैकी किती भाग ट्रान्सपोझॉनचा, म्हणजे जागा बदलू शकणाऱ्या डीएनए घटकांचा आहे, याबद्दल कुठे ५ टक्के तर कुठे २० टक्के असे आकडे वाचायला मिळतात. त्यांतला कोणता खरा मानावा? हे घटक माशीला अपायकारक असतील, तर नैसर्गिक निवडीने ते आजवर काढून का टाकले नाहीत? शिवाय विचारणाऱ्याने सिक्वेन्सिंग केलेल्या, म्हणजे ज्यांचा डीएनए क्रम वाचला अशा, दोन वाणांपैकी एकात पी घटक नावाच्या ट्रान्सपोझॉनच्या भरपूर प्रती दिसतात आणि दुसऱ्यात एकही दिसत नाही. ही प्रयोगातली चूक समजावी का? तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझ्या मते ट्रान्सपोझॉनच्या बाबतीत नुसता ‘किती’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. त्या प्रती जीनोममध्ये कुठे बसल्या आहेत, किती जुन्या आहेत आणि समूहातल्या किती माश्यांमध्ये आढळतात, हे कळल्याखेरीज त्या आकड्यातून काही निष्पन्न होत नाही.

आधी आकड्यांचे पाहू. या माशीचा जीनोम साधारण १८ कोटी बेस जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा, आहे. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग युक्रोमॅटिन, म्हणजे बहुतेक जनुके जिथे असतात तो मोकळा भाग, आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश हेटरोक्रोमॅटिन, म्हणजे सेंट्रोमिअरच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या बिंदूच्या) आसपासचा आणि वाय गुणसूत्राचा घट्ट बांधलेला, पुनरावृत्त क्रमांनी भरलेला भाग. २००० साली जो जीनोम प्रसिद्ध झाला तो प्रामुख्याने युक्रोमॅटिनचा होता, आणि त्या भागात ट्रान्सपोझॉनचे प्रमाण जेमतेम ४ ते ६ टक्के भरते. हेटरोक्रोमॅटिनमध्ये चित्र एकदम पालटते: तिथे एका घटकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असे एकमेकांत घुसलेले, झिजलेले तुकडे दाटीवाटीने सापडतात. तो भाग हिशेबात धरला की एकूण प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या घरात जाते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त भागाकारातला छेद वेगळा आहे. तो छेद कोणता, हे न सांगता दिलेली टक्केवारी मी तरी वापरत नाही.

दुसरा फरक वाणाचा. संदर्भ जीनोम ज्या एका प्रयोगशालेय वाणापासून तयार झाला, त्या वाणात पी घटकाची एकही प्रत नाही. उलट आज रानातून पकडलेल्या जवळजवळ कोणत्याही मेलानोगास्टर माशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात. म्हणजे या प्रजातीतला सर्वांत गाजलेला ट्रान्सपोझॉन तिच्याच संदर्भ जीनोममध्ये नाही. तिसरा फरक प्रजातींचा. २००७ मध्ये ड्रोसोफिलाच्या बारा प्रजातींच्या जीनोमची एकत्र तुलना झाली तेव्हा ट्रान्सपोझॉनचा वाटा कुठे ३ टक्क्यांहून कमी, तर अनानासी या प्रजातीत २५ टक्क्यांच्या आसपास निघाला. त्या वेळच्या जुळणीत, म्हणजे वाचलेले डीएनए तुकडे जोडताना, पुनरावृत्त भाग बरेचसे गळाले होते, हे लक्षात ठेवूनही फरक मोठाच आहे.

प्रकारांविषयी फार लांबण लावत नाही. या माशीत शंभराहून अधिक कुटुंबे आहेत आणि ती ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिल्या गटातले घटक आपल्या आरएनए प्रतीवरून उलट दिशेने डीएनए बनवून तो नव्या जागी घालतात, त्यामुळे मूळ प्रत जागच्या जागी राहते. कोपिया, जिप्सी, रू, ४१२ यांच्या दोन्ही टोकांना लांब पुनरावृत्त क्रम असतात. डॉक, जॉकी, आय घटक यांना ते नसतात. दुसऱ्या गटातले पी, होबो, मरिनर यांसारखे घटक ट्रान्सपोझेज या एन्झाइमच्या साहाय्याने स्वतःला कापून काढतात आणि दुसरीकडे चिकटवतात. आयएनई-१ सारख्या काही घटकांचे हजारो तुकडे जीनोमभर विखुरलेले आहेत; ते फार जुने असून त्यांची हालचाल केव्हाच थांबली आहे.

अपाय किती खरा आहे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डोळ्याच्या रंगाचे व्हाइट हे जनुक. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नर माशीपासून लिंगसंलग्न आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू झाला. ते उत्परिवर्तन म्हणजे व्हाइट जनुकाच्या सुरुवातीच्या भागात शिरलेला डॉक घटक होता, हे अनेक दशकांनी उलगडले. त्याच वाणातून पुढे मिळालेल्या ‘इओसिन’ या फिकट रंगाच्या प्रकारात त्या डॉकच्या आतच पोगो नावाचा दुसरा घटक शिरलेला आहे, आणि त्यामुळे जनुकाचे काम अंशतः पूर्ववत झाले आहे. ‘अ‍ॅप्रिकॉट’ प्रकारात त्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे आरएनएतून एरवी कापून टाकल्या जाणाऱ्या भागात, कोपिया बसला आहे. आरएनए बनताना तो मध्येच खोडा घालतो, म्हणून रंगद्रव्य पुरेसे तयार होत नाही आणि डोळा जर्दाळूच्या रंगाचा दिसतो. या माशीत आपोआप उद्भवलेल्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या उत्परिवर्तनांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी असा एखादा शिरकाव निघतो. अभिजात आनुवंशिकीने ज्या माश्यांवर आपले नियम बसवले, त्यांतल्या कितीतरी ट्रान्सपोझॉनने घडवलेल्या होत्या, हे त्या पिढीतल्या कुणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

जनुक थेट मोडणे हा अपायाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार असा की, एकाच कुटुंबाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असल्या, तर जननपेशी तयार होताना त्यांच्यात चुकीची जोडी जमून पुनर्संयोजन, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, होऊ शकते. त्यातून गुणसूत्राचे तुकडे गळतात, दुप्पट होतात किंवा उलटे बसतात. तिसऱ्या प्रकाराकडे तुलनेने अलीकडे लक्ष गेले: पेशी एखाद्या प्रतीला गप्प बसवण्यासाठी तिच्यावर हेटरोक्रोमॅटिनच्या खुणा उमटवते, त्या खुणा शेजारी काही किलोबेसपर्यंत (हजार बेसपर्यंत) पसरतात आणि तिथल्या निरपराध जनुकाचेही काम मंदावते. बंदोबस्ताचीही किंमत मोजावी लागते, आणि प्रत जनुकाजवळ असेल तर ती किंमत जास्त असते.

आता मुख्य प्रश्न: मग निवडीने हे घटक काढून का टाकले नाहीत? याचे उत्तर गणितात आहे. साधे जनुक पुढच्या पिढीतल्या निम्म्या अपत्यांपर्यंत पोहोचते आणि तेवढ्यावर थांबते. ट्रान्सपोझॉन मात्र अधूनमधून स्वतःची एक जादा प्रत करतो. प्रत्येक प्रतीमागे दर पिढीला नवी प्रत होण्याची शक्यता बहुतेक कुटुंबांत दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एकेका प्रतीमुळे माशीच्या प्रजननक्षमतेत होणारी सरासरी घटही तशीच बारीक असते. घट प्रतवाढीच्या दरापेक्षा कमी असेल तोवर घटक वाढत राहतो. प्रती जितक्या जास्त, तितकी प्रत्येक नव्या प्रतीची झळ अधिक, असे असेल तर कुठेतरी वाढ आणि छाटणी समसमान होतात. ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ यांनी १९८३ मध्ये हा विचार गणिती स्वरूपात मांडला आणि त्याच काळात फळमाशीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांवर ट्रान्सपोझॉनच्या जागा मोजून तो तपासलाही गेला. नैसर्गिक समूहातून घेतलेल्या गुणसूत्रांवर एकाच कुटुंबाच्या जागा प्रत्येक गुणसूत्रावर वेगळ्या सापडत. एखादी विशिष्ट जागा समूहात क्वचितच एकदोनांहून जास्त गुणसूत्रांवर भरलेली असे. नव्या प्रती सतत पडतात आणि फार पसरण्याआधीच छाटल्या जातात, याची ही थेट खूण आहे. जिथे पुनर्संयोजन कमी होते, म्हणजे सेंट्रोमिअरजवळचा भाग, वाय गुणसूत्र आणि लहानसे चौथे गुणसूत्र, तिथे चुकीच्या जोड्याही कमी जमतात आणि निवडीची कात्रीही बोथट असते. म्हणून तिथे प्रती साचतात.

समतोलाची ही चौकट विचार करायला उत्तम आहे, पण प्रत्येक कुटुंब आज समतोलात आहे असे गृहीत धरणे मला पटत नाही. फळमाशीतील कितीतरी कुटुंबांच्या प्रती एकमेकींशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, म्हणजे ती या जीनोममध्ये अलीकडेच आली किंवा अलीकडेच सुटली. याचा सर्वांत चांगला पुरावा पी घटकाचा आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. विचारणाऱ्याच्या दोन वाणांचे कोडेही तिथेच सुटते.

१९७० च्या दशकात असे लक्षात आले की, रानातून नुकतेच पकडलेले नर प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणाच्या माद्यांशी संकरित केले की संतती विचित्र निघते: उत्परिवर्तने वाढतात, एरवी नरांमध्ये न होणारे पुनर्संयोजन होते, गुणसूत्रे तुटतात आणि माश्या वांझ होतात. संकर उलटा केला, म्हणजे मादी रानातली आणि नर प्रयोगशाळेतला घेतला, तर संतती धडधाकट असते. १९७७ मध्ये मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल आणि जॉन स्वेड यांनी या लक्षणसमूहाला ‘हायब्रिड डिसजेनेसिस’ असे नाव दिले. हा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर अशा संकराची पिले २९ अंश सेल्सिअसला वाढवावीत आणि प्रौढ माद्यांची पोटे सूक्ष्मदर्शकाखाली उघडावीत. निरोगी मादीत दोन्ही अंडाशय अंड्यांनी इतके टच्च भरलेले असतात की पोट उघडताच बाहेर येतात. बाधित मादीत त्या जागी दोन पातळ, अर्धपारदर्शक धागे मिळतात आणि एखाद्या मादीत एक बाजू भरलेली तर दुसरी रिकामी अशीही स्थिती दिसते. तीच पिले कमी तापमानात वाढवली तर हा दोष पुष्कळ सौम्य होतो, म्हणून तापमान न नोंदवलेल्या चाचणीवर विसंबू नये.

पूर्ण पी घटक २,९०७ बेस जोड्यांचा असतो. दोन्ही टोकांना ३१ बेसचे एकमेकांच्या उलट दिशेचे क्रम असतात, मध्ये चार एक्झॉनचे (प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यांचे) एकच जनुक असते आणि त्यातून ट्रान्सपोझेज बनते. यातला तिसरा इंट्रॉन फक्त जननपेशींमध्ये काढला जातो. कायिक पेशींत, म्हणजे शरीराच्या इतर पेशींत, तो तसाच राहतो आणि तिथे अपुरे प्रथिन तयार होते, जे उडीला मदत करण्याऐवजी अटकाव करते. म्हणून घटकाची हालचाल पुढच्या पिढीला जन्म देणाऱ्या पेशींपुरती मर्यादित राहते. माशीचे शरीर शाबूत राहते आणि घटक वारशात जातो. त्याच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था नाही. कापून चिकटवणाऱ्या घटकाची संख्या वाढते कशी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. घटक निघून गेल्यावर जी फट पडते ती पेशी बहुधा शेजारच्या, अद्याप पी घटक असलेल्या भगिनी क्रोमॅटिडचा (गुणसूत्राच्या जुळ्या प्रतीचा) नमुना घेऊन भरते. त्यामुळे जुन्या जागी प्रत पुन्हा तयार होते आणि नव्या जागची प्रत वरकड पडते. ही दुरुस्ती अर्ध्यावर राहिली की मधला भाग गाळलेल्या आखूड प्रती निर्माण होतात. त्या स्वतः ट्रान्सपोझेज बनवू शकत नाहीत, पण दुसऱ्याच्या ट्रान्सपोझेजवर हलतात. काही तर उडीला रोखणारे प्रथिन बनवतात.

गेराल्ड रुबिन आणि अ‍ॅलन स्प्रॅडलिंग यांनी १९८२ मध्ये याच घटकात रोझी हे जनुक बसवून ते माशीच्या जननपेशींत पोहोचवले आणि फळमाशीत हवे ते जनुक घालण्याची वाट खुली झाली. पुढची अनेक वर्षे या क्षेत्रातले जवळजवळ प्रत्येक रूपांतरण पी घटकाच्या टोकांवर स्वार होऊन झाले. पण या साधनाचा उगम पाहिला की आश्चर्य वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी पकडून प्रयोगशाळेत ठेवलेल्या वाणांत, उदाहरणार्थ कॅन्टन-एस आणि ओरेगॉन-आर यांत, पी घटक नाही. त्यानंतर पकडलेल्यांत त्याचे प्रमाण वाढत जाते आणि काही दशकांत तो जगभरातल्या नैसर्गिक समूहांत पोहोचतो. त्याचा क्रम मेलानोगास्टरच्या जवळच्या नातलगांशी जुळत नाही. तो जुळतो विलिस्टोनी या दूरच्या अमेरिकी प्रजातीतल्या पी घटकाशी, आणि त्यात फक्त एका बेसचा फरक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींत इतके साम्य वंशपरंपरेने टिकणे शक्य नाही. घटक एका प्रजातीतून दुसरीत आडवा गेला. वाहक म्हणून माश्यांवर जगणाऱ्या एका गोचिडवर्गीय सूक्ष्म किड्याकडे बोट दाखवले गेले आहे, पण तो संशयापुढे गेलेला नाही. पुढे २०१० च्या सुमारास हाच पी घटक सिम्युलन्स या भगिनी प्रजातीत शिरला आणि या वेळी संशोधकांना आक्रमण डोळ्यांदेखत पाहता आले.

तेव्हा विचारणाऱ्याचे निरीक्षण चूक नाही. ज्या वाणात शून्य प्रती आल्या तो बहुधा जुन्या प्रयोगशालेय संग्रहातला असेल. वाणाचा पकडण्याचा काळ तपासला की उलगडा होईल. पी घटक हा एकटाही नाही. आय घटक, होबो आणि तिरांत हेही विसाव्या शतकात पसरले आणि संग्रहालयांत टाचणीवर जपलेल्या एकोणिसाव्या शतकातील माश्यांचा डीएनए वाचल्यावर ब्लड, ओपस आणि ४१२ यांचे आगमनही गेल्या दोनशे वर्षांतलेच ठरले. एका प्रजातीत इतक्या थोड्या काळात इतकी आक्रमणे झाली असतील, तर आजचा जीनोम पाहून दीर्घकालीन समतोलाचे निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यायला हवा. माणसाच्या मागोमाग ही माशी जगभर पसरली आणि नव्या प्रजातींच्या संपर्कात आली, हे या गर्दीचे कारण असावे असे मला वाटते.

संकर एका दिशेने घातक आणि उलट दिशेने निर्धोक का, याचे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. ते पीआयआरएनए नावाच्या, २३ ते २९ बेस लांबीच्या छोट्या आरएनएंमध्ये आहे. जीनोममध्ये काही ठिकाणी ट्रान्सपोझॉनच्या मोडक्या तुकड्यांचे मोठे ढिगारे असतात. दुसऱ्या गुणसूत्रावरील ४२एबी हा ढिगारा सुमारे २४० किलोबेसचा आहे, तर एक्स गुणसूत्रावरील फ्लेमेंको या ठिकाणावरून जिप्सीसारख्या घटकांवर नियंत्रण होते. या ढिगाऱ्यांचा लांबलचक आरएनए तुकडे होऊन पिवी कुळातील प्रथिनांना जोडला जातो. ऑबर्जिन हे प्रथिन आपल्याकडच्या तुकड्याशी जुळणारा ट्रान्सपोझॉनचा आरएनए कापते. कापलेला भाग एजीओ-३ हे त्याच कुळातले दुसरे प्रथिन उचलते आणि त्याच्या आधारे ढिगाऱ्याच्या आरएनएचे आणखी तुकडे पाडते. घटक जितका अधिक बोलका, तितके त्याच्याविरुद्धचे तुकडे अधिक. ही प्रक्रिया चालू असल्याची खूण माहितीतच दिसते: एका बाजूच्या तुकड्यांचा पहिला बेस यू असतो, विरुद्ध बाजूच्यांचा दहावा बेस ए असतो आणि दोघांची पहिली दहा अक्षरे एकमेकांना पूरक असतात. पिवी स्वतः केंद्रकात जाऊन त्या घटकाच्या प्रतींवर हेटरोक्रोमॅटिनच्या खुणा घडवून आणते.

हे तुकडे आई अंड्यात भरून देते, बाप शुक्राणूतून देत नाही. बापाकडून पी घटक आले आणि आईच्या अंड्यात त्यांच्याविरुद्धचे तुकडे नसले, तर पिलाच्या जननपेशींत घटक मोकाट सुटतात. आईकडेच पी घटक असतील तर बंदोबस्त अंड्यातच तयार असतो. आय घटकाचा संकरदोषही याच तत्त्वावर चालतो, मात्र तिथे अंडाशय शाबूत असतात, माद्या अंडी घालतात आणि ती उबत नाहीत. दोन्ही दोषांना एकाच चाचणीने पकडायला गेल्यास आय घटकाचा दोष नजरेतून सुटतो.

यावरून एक आकर्षक कल्पना रूढ झाली: नवा घटक वाढत जातो, त्याची एखादी प्रत योगायोगाने ढिगाऱ्यात पडते आणि त्या क्षणापासून त्याला लगाम बसतो. सिम्युलन्समधील पी घटकाच्या प्रयोगांत, उष्ण तापमानात ठेवलेल्या समूहांत, प्रतींची वाढ वीसएक पिढ्यांत मंदावलेली दिसली, आणि हे त्या कल्पनेशी जुळते. पण २०२१ मध्ये जननपेशींतील ४२एबीसह तीन मोठे ढिगारे काढून टाकलेल्या माश्या प्रजननक्षम राहिल्या आणि त्यांचे ट्रान्सपोझॉनही फारसे उसळले नाहीत. जननपेशींत जीनोमभर विखुरलेल्या अनेक प्रती स्वतःच पीआयआरएनए निर्माण करतात आणि कारभार एकदोन ठाण्यांवर अवलंबून नसतो, असा त्याचा अर्थ मी लावतो. अंडाशयातील कायिक पेशींत मात्र फ्लेमेंकोला पर्याय नाही; ते बिघडले की जिप्सी सक्रिय होतो. जिप्सीकडे विषाणूंसारखे आवरण-प्रथिनाचे जनुक आहे, त्यामुळे तो अंड्याभोवतीच्या पेशींतून अंड्यात शिरू शकतो.

निवडीने घटक काढले का नाहीत, याचे उत्तर आता पुरे करता येते. प्रतवाढ हा पहिला भाग, दुर्बळ आणि विखुरलेला अपाय हा दुसरा, आणि तिसरा असा की माशीच्या स्वतःच्या बंदोबस्तामुळे गप्प झालेली प्रत फारशी हानी करीत नाही, म्हणून तिला छाटण्याचे निवडीला तितकेसे कारणही उरत नाही. चौथा भाग आडव्या प्रवेशाचा: एक कुटुंब झिजून नामशेष होते तोवर दुसरे बाहेरून येते. ही शर्यत संपत नाही.

काही प्रती उपयोगीही ठरतात, पण त्यांचे अप्रूप वाटून सगळ्या ट्रान्सपोझॉनना ‘उत्क्रांतीचे इंधन’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला अतिशयोक्त वाटते. खात्रीची उदाहरणे मोजकीच आहेत. सीवायपी६जी१ या जनुकाच्या आधी अकॉर्ड नावाच्या घटकाचा तुकडा शिरल्याने त्या जनुकाचे उत्पादन वाढले आणि माशीला डीडीटीचा प्रतिकार करता येऊ लागला; तो प्रकार जगभर पसरला. सिम्युलन्समध्ये त्याच जनुकाजवळ डॉक घटक शिरून तसाच परिणाम झाला. टोकांचे प्रकरण याहून वेगळे आणि अधिक जुने आहे: बहुतेक सजीव गुणसूत्रांची झिजणारी टोके टेलोमरेज या एन्झाइमने भरून काढतात, ड्रोसोफिलाकडे ते नाही, आणि हे काम हेट-ए, टार्ट व ताहरे हे तीन घटक टोकांवर पुन्हा पुन्हा उडी घेऊन करतात. तिथे परजीवी कुठे संपतो आणि अवयव कुठे सुरू होतो, हे सांगणे अवघड आहे.

शेवटी मोजणीविषयी, कारण निष्कर्षांतल्या बहुतेक चुका तिथेच होतात. छोट्या रीडच्या, म्हणजे एका वेळी वाचलेल्या छोट्या डीएनए तुकड्यांच्या, सिक्वेन्सिंगमध्ये एखादा रीड पूर्णपणे रू घटकाच्या आत पडला, तर तो असंख्य प्रतींपैकी कोणाचा हे सांगता येत नाही. काही प्रोग्रॅम असे रीड टाकून देतात आणि संख्या कृत्रिमरीत्या घटते. प्रतींची एकूण संख्या हवी असेल तर सर्व रीड त्या कुटुंबाच्या प्रातिनिधिक क्रमावर बसवून, त्यांची खोली, म्हणजे एकेका जागेवर पडलेल्या रीडची संख्या, एकप्रती जनुकांच्या खोलीने भागावी. मात्र आखूड प्रती असलेल्या कुटुंबात ही खोली घटकाच्या लांबीभर सारखी नसते. पी घटकात टोकांवर उंच आणि मध्यावर खोल दरी असा आलेख येतो, तेव्हा टोकांवरून काढलेली संख्या आणि मध्यावरून काढलेली संख्या वेगळी नोंदवावी.

शिरकावाची नेमकी जागा हवी असेल तर तुटके रीड शोधावेत, म्हणजे ज्यांचा अर्धा भाग जीनोमच्या एकमेव जागेवर बसतो आणि उरलेला घटकाच्या टोकाशी जुळतो. पी घटकाचा रीड असेल तर तुटीच्या ठिकाणापासून सीएटीजीएटीजीएएए अशी अक्षरे सुरू होतील किंवा त्यांचा पूरक क्रम उलट दिशेने दिसेल. शिरताना मूळ जागेचे आठ बेस दुप्पट होतात, म्हणून डावीकडून आलेले आणि उजवीकडून आलेले रीड जीनोमवर बरोबर आठ बेसनी एकमेकांवर चढलेले दिसले पाहिजेत. कोपियासाठी ही चढण पाच बेसची, जिप्सीसाठी चारची आणि मरिनरसाठी टीए या दोन बेसची असते. चढण जुळत नसेल किंवा एकाच बाजूचे रीड मिळत असतील, तर तो शिरकाव खरा मानण्यापूर्वी पीसीआर करावा. घटकांत घटक बसलेल्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे संपूर्ण प्रत ओलांडून दोन्ही बाजूंच्या अद्वितीय क्रमांपर्यंत पोहोचणारे लांब रीडच हवेत.

दोन वाणांची तुलना करताना दोन्हींचे नमुने एकाच पद्धतीने तयार केलेले असावेत आणि रीडची लांबी व खोली सारखी असावी, अन्यथा दिसणारा फरक माशीचा नसून यंत्राचा असतो. अनेक माश्या एकत्र कुटून केलेल्या सिक्वेन्सिंगमध्ये एकाच माशीतला दुर्मीळ शिरकाव एखाद्या रीडवरच दिसतो आणि गाळणीत हटकून जातो. नव्या शिरकावांवर प्रश्न असेल तर एकेका माशीचे किंवा आंतरप्रजनित वाणाचे सिक्वेन्सिंग करावे. नोंद करताना कुटुंबाचे नाव, मोजलेला भाग युक्रोमॅटिन की संपूर्ण जीनोम, पूर्ण प्रती किती, तुकडे किती आणि वाण कधी व कुठे पकडला, एवढ्या गोष्टी आकड्याशेजारीच लिहाव्यात.